थडग्यासाठी मागितलेली कुदळ

“या पावात माझा उरलासुरला दातही जाणार,” एनॉस पेनरोझ स्वतःशीच पुटपुटला. पण मी कॉफीची किटली घेऊन नेमकी त्याच्या खांद्यामागे उभी होते.

“मग कॉफीत बुडवून खा. नाहीतर दुसऱ्या खाणावळीत जा,” मी म्हटलं.

“ब्लॅकबर्ड ओढ्यावर दुसरी खाणावळ आहे कुठे, मर्सीमावशी?”

“नाही, म्हणूनच तर इतक्या उदार मनानं सांगतेय.”

बाकांवरची मंडळी हसली. एनॉस माझ्याहून थोरला, तरी मला मावशी म्हणायचा. ओढ्यावर सगळेच म्हणत. जिथे डोंगरभर पुरुष आणि बायका दोनच, तिथे बाईला एकतर मावशी व्हावं लागतं, नाहीतर बदनाम व्हावं लागतं. मी मावशी झाले. दुसरी बाई म्हणजे युलालिया ब्राकामोंते. तिला कुणी काहीच म्हणत नसे. ती आणि तिचा नवरा हिलारियो मेक्सिकोतल्या सोनोरा मुलखातले, आणि त्यांच्याशी बोलायचं झालं तर आमची मंडळी बोट दाखवून बोलत.

खरं तर या मंडळींना हिलारियोशी तोंड भरून बोलायला हवं होतं. ही मंडळी इथे आली तेव्हा त्यांत एक शिंपी होता, एक वकिलाचा कारकून, बाकीचे शेतकरी. कॅलिफोर्नियात सोनं ओढ्यात पडलेलं असतं आणि वाकून उचलायचं असतं, अशी त्यांची ठाम समजूत. माझे तवे पळवून त्यात वाळू ढवळत बसत. हिलारियोनं त्यांना शिकवलं. लाकडी परात पाण्यात कशी कलती धरायची, मनगट कसं फिरवायचं, हलकं वाहून जातं आणि जड तेवढं तळाशी कसं बसतं. उन्हाळ्यात ओढा आटला की कोरडी माती चादरीवर उडवून कशी पाखडायची, तेही त्यानंच. पुढे सगळ्यांनी फळ्यांचे मोठाले पाळणे केले, माती त्यात घालून हलवायला लागले आणि आपण हे आईच्या पोटातूनच शिकून आलो असं वागायला लागले.

आता हिलारियो तापानं आडवा झाला होता. तंबूत घोंगडीखाली नुसता हाडांचा सापळा. त्याचा सोनं खणायचा जमिनीचा तुकडा मात्र ओढ्याच्या वळणावरचा, सगळ्यांत चांगला, आणि तो त्याच्यासाठी राखलेला होता. आमच्याकडचा नियमच तसा. तुमची अवजारं खड्ड्यात आहेत तोवर तुकडा तुमचा. तुम्ही झोपा, आजारी पडा, पिऊन पडा, तुमच्या जागी तुमची कुदळ उभी असते. तिला कुणी हात लावत नाही. कुंपण नाही, कागद नाही, कोर्ट तर दूरच. चोरट्यांनी भरलेल्या या डोंगरात खड्ड्यातल्या गंजक्या फावड्याला जेवढा मान होता तेवढा चर्चमधल्या क्रूसालाही नसेल. पण खड्ड्यात अवजार नसेल, तर तुकडा मोकळा. जो आधी आपली कुदळ टाकेल त्याचा.

गेल्या पानगळीत मंडळींनी आणखी एक नियम केला होता. ज्याच्याकडे तुकडा नाही अशा परमुलखातल्या माणसानं वस्ती सोडून जायचं. म्हणजे हिलारियोचा तुकडा गेला, तर त्या दोघांनी खेचरावर बसून डोंगर उतरायचा. हिलारियो तर माझ्या हातानं चमचाभर रस्सा घ्यायलाही उठून बसत नव्हता. खेचरावर तो पहिलं वळणसुद्धा पार करणार नाही, हे मला कळत होतं, युलालियाला कळत होतं आणि नियम करणाऱ्यांनाही कळत होतं.

एनॉस दाताची तक्रार करत होता ती सकाळ सायलस बीबच्या दफनाची. पोरगेला माणूस, ओहायोतला, ओढ्याची दरड अंगावर कोसळून गेला. त्याच्याच पाळण्याच्या फळ्या ठोकून मंडळींनी पेटी केली होती. दफनाच्या दिवशी अख्ख्या ओढ्यावर काम बंद, हीही आमची रीत. न्याहारी उरकून मी रश्शाचं भांडं घेऊन युलालियाच्या तंबूत गेले, तर मागोमाग कर्नल पार्मली आला.

कर्नल आमच्या वस्तीचा निवडून दिलेला पंच. कुठल्या सैन्यात कर्नल होता ते देव जाणे. पण आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्या जखमेवर कुणी लोणीच लावतंय. दारातच त्यानं टोपी काढली. त्या तंबूच्या दारात आजवर कुणी टोपी काढली नव्हती.

“बाई, टेकडीवरची जमीन फार कठीण आहे,” तो युलालियाला म्हणाला. “तुमच्या नवऱ्याची कुदळ ओढ्यावर सगळ्यांत चांगली. बिचाऱ्या सायलससाठी द्याल का? कुदळ, पहार, फावडं, जे असेल ते. दफन झालं की लगेच परत.”

युलालियानं हिलारियोकडे पाहिलं. त्यानं डोळे न उघडता आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणतात, दे. आणि मला म्हणतात, तू स्वतः घेऊन जा, दोन्या मर्सी. मेलेल्या माणसाचं काम आहे, दुसऱ्याच्या हाती पाठवू नये.”

‘दोन्या’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘बाईसाहेब’. तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. इतक्या दिवसांत वस्तीनं तिच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. ती खड्ड्यात उतरली, अवजारं काढली, कुदळीचा दांडा परकराला पुसला आणि सगळं घेऊन टेकडीकडे निघाली. खांद्यावर कुदळ आणि पहार, हातात फावडं, जणू लग्नाचा आहेरच घेऊन चालली होती.

मी मंडळींसाठी कॉफी चढवून मागाहून वर पोचले. कर्नल बायबल वाचत होता. युलालिया सगळ्यांच्या मागे, ओकच्या झाडाखाली उभी. अवजारं तिच्या पायाशी.

“मला उशीर झाला,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “मी आले तर कबर झालेली होती. चढ फार होता, दोन्या मर्सी. आता त्यांना वाटेल, ही बाई मुद्दाम रेंगाळली.”

मी कुदळीकडे पाहिलं. पात्याला मातीचा कण नव्हता.

दफन झालं. उतरताना वळणावर आलो तर हिलारियोच्या खड्ड्यात कर्नलचा भाचा वॉरन उभा. कमरेइतक्या खोलीत, बाह्या वर केलेल्या, आणि त्याची कुदळ जमिनीत रोवलेली.

“खड्डा रिकामा होता,” वॉरन म्हणाला. आम्ही काही विचारायच्या आतच म्हणाला.

युलालियाच्या खांद्यावरून पहार घसरली. मला वाटलं, आता मंडळी त्याला मानगुटीला धरून वर काढतील. मागच्याच उन्हाळ्यात एकानं दुसऱ्याच्या खड्ड्यात नुसता पाय टाकला होता, तर त्याला डोकं भादरून ओढ्यापार हाकललं होतं. मी वाट पाहत राहिले. मंडळी टोप्या नीट करत राहिली.

“याचा निकाल सभेत होईल,” कर्नल मऊ आवाजात म्हणाला. “रविवारी सकाळी. मर्सीबाई, तुमचा तंबू मोठा आहे, तिथेच बसू.”

“बसा की,” मी म्हटलं. “पण तोवर माझी चूल पेटणार नाही.”

मंडळी हसली. त्यांना वाटलं, मावशी चिडली की असंच बोलते. मी आत गेले, चढवलेली कॉफी ओढ्यात ओतली आणि चुलीवर पाणी टाकलं. आग विझताना असा फुस्सकन आवाज आला की बाहेरचं हसू जागच्या जागी थांबलं.

त्यानंतर रविवारपर्यंत आमच्या ओढ्यावर जे काही शिजलं त्याला अन्न म्हणणं पाप आहे. हातभर दाढीवाले पुरुष घेवडा न भिजवता उकळत बसले आणि पोटं धरून झुडपांकडे पळत राहिले. एकानं धिरडी केली, ती खेचरानंही हुंगून सोडली. माझ्याकडे येऊन ‘मावशी, निदान कॉफी’ असं म्हणायचे आणि मी विचारायचे, “त्या बाईचा खड्डा परत केलात का?” मग त्यांना आपल्या खड्ड्यातली काहीतरी महत्त्वाची कामं आठवायची. एकालाही तो अन्याय आहे असं वाटत नव्हतं, असं मुळीच नाही. वाटत होतं. पण वाटण्याला काय लागतं? ते फुकट असतं.

शनिवारी एनॉस तंबूच्या मागच्या बाजूनं आला. पाव नसेल तर पावाचा चुरा तरी, म्हणाला.

“एनॉस, सायलसची कबर कुणी खणली?”

“मी आणि योहाननं.” योहान म्हणजे आमचा जर्मन सुतार.

“कधी?”

एनॉसनं आपल्या बुटांकडे पाहिलं. मग ओढ्याकडे पाहिलं. “ऊन फार झालंय नाही या वर्षी,” म्हणाला.

“एनॉस, मी हवेचं विचारलं नाही.”

“मावशी, मी कॉर्नवॉलचा, विलायतेतला,” तो हळूच म्हणाला. “भाषा त्यांची बोलतो म्हणून त्यांच्यात बसतो. आज सोनोरावाले, उद्या म्हणतील, अरे, हा पण समुद्रापलीकडचाच की. या वयात मी कुठं जाऊ?”

“हिलारियो कुठं जाईल ते माहीत आहे का तुला?”

तो चुरा न घेताच गेला. मला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली. ही दोन्ही एकदम आली की माणूस भांडी आपटतं. मी आपटली.

रविवारी मंडळी माझ्या तंबूत बाकांवर येऊन बसली. उपाशी, पोट बिघडलेली, तरी केस ओले करून विंचरलेली. कर्नल माझ्या पिठाच्या पिंपावर बसला. माझ्याच पिठावर बसून तो न्याय करणार होता! युलालिया दाराशी उभी होती. तिला बसायला कुणी जागा दिली नाही म्हणून मी माझं स्टूल दिलं. ती बसली नाही.

“बाई,” कर्नलनं सुरुवात केली, “खड्ड्यातून अवजारं कुणी काढली?”

“मी.”

“तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली?”

“नाही. तुम्ही मागितलीत.”

“खरं आहे. मागितली. सायलससाठी मागितली, आणि तुमच्या उपकाराबद्दल ही वस्ती तुमची ऋणी आहे.” माना हलल्या. “पण खड्ड्यात काहीच ठेवू नका, असं मी म्हटलं होतं का?”

“जे असेल ते द्या, म्हणाला होतात!” मी ओरडले. “मी तिथे होते. रश्शाचं भांडं माझ्या हातात होतं!”

“मर्सीबाई, सभेत बायकांना बोलायचा अधिकार नाही.”

“तंबू माझा आहे.”

“तंबू तुमचा, सभा आमची,” कर्नल म्हणाला आणि वर हसला. असं गोड हसला की माझ्या हातातली पळी वळवळली.

“ठेवलं होतं,” युलालिया म्हणाली. “खड्ड्यात परात होती. हिलारियोची परात. ती मी काढली नव्हती.”

तंबूत चुळबुळ झाली. सगळ्यांनी वॉरनकडे पाहिलं.

“होती एक लाकडी परात,” वॉरन म्हणाला. “मी ती कडेला ठेवली. परात काय अवजार आहे? परात स्वयंपाकाची.”

आणि मग, देवाशपथ सांगते, तीस-चाळीस धडधाकट पुरुष परात हे अवजार आहे की भांडं आहे यावर वाद घालत बसले. शिंपी म्हणाला, ज्याला दांडा असतो ते अवजार. योहान म्हणाला, मग घमेल्याला कुठे दांडा असतो? कारकून म्हणाला, ज्यानं जमीन खणता येते ते अवजार, परातीनं खणता येत नाही, धुता येतं. कुणीतरी म्हणालं, मग पाळणा? पाळण्यानंही खणता येत नाही. पाळण्याचं वेगळं, कारकून म्हणाला, पाळणा मोठा असतो. असं म्हणत प्रत्येक जण आपल्या बाजूनं परात फिरवत होता. त्यातल्या एकूण एकाला सोनं धुवायला ज्या परातीनं शिकवलं तीच ती परात. ज्या माणसानं शिकवलं तो पलीकडच्या तंबूत तापानं फणफणलेला.

“माझ्या तव्यात वाळू ढवळत होतात तेव्हा तवा काय होता रे?” मी विचारलं. “अवजार की धिरड्याचा तवा?”

हसू फुटलं. हसल्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं, आणि त्यांना बरं वाटावं हे मला मुळीच नको होतं.

“तुमचं सगळं पटतं, मर्सीबाई,” कर्नल म्हणाला. “मलाही या बाईबद्दल वाईट वाटतं. इथे कुणाला वाटत नाही? पण आपण आपल्यासाठी नियम केला. आज एकासाठी तो वाकवला तर उद्या कुणाचाच खड्डा शाबूत राहणार नाही. मन घट्ट करावं लागतं.” मग युलालियाकडे वळून, “तुम्हाला उद्या निघावं लागेल. वस्ती तुम्हाला एक खेचर देईल. फुकट.”

“ते खेचरावर बसू शकत नाहीत,” युलालिया म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता, जणू ती दुकानदाराला सांगत होती की ही पिशवी लहान आहे.

कारकून नखातली माती काढायला लागला. मला वाटलं, पिंपासकट कर्नलला उलथा करावं. पण पिंप उलथं केलं की पीठ सांडतं, तुकडा परत येत नाही.

“परात अवजार नाही असं ज्यांचं मत आहे, त्यांनी हात वर करा,” कर्नल म्हणाला.

वॉरनचा हात वर गेला. मग कारकुनाचा. मग शिंप्याचा, अर्धवट, डोकं खाजवल्यासारखा. मग मागच्या बाकावरचे एकेक. योहाननं एनॉसकडे पाहिलं. एनॉस उठून उभा राहिला. दोन्ही हात खिशात.

“हात, एनॉस. उभं राहायचं नाही,” कर्नल म्हणाला.

“मला एक विचारायचंय, कर्नलसाहेब.”

“मत झाल्यावर विचार.”

“मत झाल्यावर विचारून काय करू?” एनॉसचा आवाज चिरका झाला होता. “कबर आदल्या दिवशीच झाली होती. मी आणि योहाननं खणली. माझी कुदळ, योहानचं फावडं. संध्याकाळी तुम्ही स्वतः वर आलात, काठी आत घालून खोली बघितलीत आणि म्हणालात, शाब्बास, छान झालं. म्हणालात की नाही रे, योहान?”

योहाननं मान हलवली. खाली बघत, पण हलवली.

“मग सकाळी या बाईच्या दारात टोपी काढून कुदळ कशाला मागितलीत?”

वर गेलेले हात तसेच वर राहिले. कुणाला ते खाली घ्यायचं सुचेना.

“एनॉस,” कर्नल अगदी हळू म्हणाला, “तू स्वतः कुठून आलास, तेवढं विसरू नकोस.”

“नाही विसरलो. म्हणूनच तर इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसलो.” एनॉसनं खिशातून हात काढले. आयुष्यात पहिल्यांदाच तो कर्नलला अरेतुरे करायला लागला. “आणि ऐक, एकटा मी नाही गप्प बसलो. कबर तयार आहे, हे टेकडीवर आलेल्या प्रत्येकानं पाहिलं. कुदळ कोरी आहे, हेही पाहिलं. वॉरन दफनाला आला नाही, हेसुद्धा सगळ्यांनी पाहिलं. आपल्यातल्या कुणाशी कुणी असं केलं असतं, तर त्याला एव्हाना झाडाला बांधून चाबकानं फोडला असता. ही दोघं आपल्यातली नाहीत, एवढंच. म्हणून आपण परातीवर बोलतोय. तू चोरी केलीस, कर्नल, आणि आम्ही सगळे हात वर करून ती तुला पचवून देतोय.”